स्कॅन अँड फिक्स दाबलं आणि फाइलच गायब झाली

"अरे, त्यानंच विचारलं, दुरुस्त करू का म्हणून. मी हो म्हटलं. यात माझं काय चुकलं?"

काकांचं खरंच काही चुकलं नव्हतं. १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क, तिच्यात घराण्याचा कुलवृत्तांत, सेवानिवृत्तीनंतर बसून बसून टाइप केलेला. आदल्या संध्याकाळी काम चालू असतानाच लाइट गेली. सकाळी डिस्क जोडली तर विंडोजनं निरोप दिला की ड्राइव्हमध्ये काहीतरी अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का. काकांनी बटण दाबलं. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, दुरुस्ती झाल्याचं सांगितलं गेलं, आणि 'कुलवृत्तांत' नावाचं फोल्डर जागेवरून नाहीसं झालं.

डीटीपी आणि रिपेअरिंगच्या माझ्या दुकानात दर महिन्या-दोन महिन्यांनी असं कुणीतरी येतंच. त्यातल्या बऱ्याच जणांची फाइल परत मिळते, आणि ज्यांची मिळत नाही त्यांनी बहुधा दुकानात येण्याआधी घरी दोन दिवस प्रयोग केलेले असतात. म्हणून सुरुवात प्रयोगांपासूनच.

आधी हात आवरा

फाइल दिसेनाशी झाल्याचं लक्षात आलं की त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. नवी फाइल सेव्ह करायची नाही, गाणी टाकायची नाहीत, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवून तिथेच इन्स्टॉल करायचं नाही. विंडोजच्या दृष्टीनं मोकळी झालेली जागा कधीही वापरली जाऊ शकते, आणि तुमची फाइल नेमकी त्याच जागेत पडलेली असू शकते. 'पुन्हा एकदा स्कॅन करून बघतो' हा मोहही टाळा. पहिल्या फेरीत जे वाचलं ते दुसऱ्या फेरीत जाऊ शकतं.

गेलेली फाइल सी ड्राइव्हवर होती का? मग कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जादा डिस्क म्हणून जोडा आणि पुढचं सगळं तिथून करा. विंडोज नुसतं चालू असलं तरी दर मिनिटाला काही ना काही लिहीत असतं.

एसएसडी असेल तर घाई आणखी जास्त. मोकळ्या झालेल्या जागेची खबर विंडोज एसएसडीला देतं, त्याला ट्रिम म्हणतात. ती मिळाली की एसएसडी तो भाग आतून साफ करून टाकते, आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर लावा, शून्यंच हाती येतात. चकतीवाली जुनी हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड यांत आशा बरीच जास्त असते.

चेकडिस्कनं नेमकं काय केलं

बटण तुम्ही दाबा नाहीतर विंडोज स्वतःहून दाबो, मागे काम करतं ते चेकडिस्कच, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम. त्याला तुमच्या फाइलचं सोयरसुतक नसतं. त्याला डिस्कच्या नोंदवह्या एकमेकींशी जुळवायच्या असतात, बस.

एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची नेहमीची पद्धत. तशा डिस्कवर प्रत्येक फाइलची एक नोंद एका मोठ्या तक्त्यात असते. ही नोंद साधारणपणे १ केबीची. फाइल कुठल्या जागेत आहे, किती मोठी आहे, कधी बदलली, हे सगळं तिच्यात. याशिवाय प्रत्येक फोल्डरची स्वतःची यादी वेगळी असते. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर तक्ता म्हणजे सातबारा आणि फोल्डरची यादी म्हणजे आठ-अ. लाइट गेल्यामुळे एक वही लिहून झाली आणि दुसरी अर्धवट राहिली, की दोन्हींचा मेळ बसत नाही. मग चेकडिस्क तलाठ्यासारखा बसतो आणि जुळत नाही ते खोडतो. जमीन असते तिथेच असते. नोंद खोडली गेली म्हणून शेत वाहून जात नाही.

पण खोडाखोड नेमकी कुठल्या वहीत झाली, यावर पुढचा रस्ता ठरतो. ते कळायला नोंद बघावी लागते, आणि ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात.

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'अ‍ॅप्लिकेशन'. उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये स्रोत म्हणून 'चेकडिस्क' निवडा. त्याचं नाव तिथे संक्षिप्त स्पेलिंगनं दिसेल. जोडलेल्या ड्राइव्हच्या स्कॅनसाठी इव्हेंट क्रमांक २६२१४ किंवा २६२२६ असतो. कॉम्प्युटर सुरू होताना स्कॅन झालं असेल तर स्रोत 'विनइनिट' आणि क्रमांक १००१. उघडलं की स्कॅनचा सगळा वृत्तांत दिसतो. त्यात या ओळी शोधा.

'रिकव्हरिंग ऑर्फन्ड फाइल' असं असेल तर पेढे आणायला हरकत नाही. फाइलची नोंद शाबूत आहे, फक्त फोल्डर हरवलं होतं. चेकडिस्कनं ती जुन्या फोल्डरला परत जोडली असेल, नाहीतर पुढे सांगतोय त्या अनाथालयात ठेवली असेल.

'डिलीटिंग इंडेक्स एंट्री' आणि पुढे तुमच्या फाइलचं नाव, म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव काढलं. तक्त्यातली नोंद मुळात होती की नव्हती यावर बाकीचं अवलंबून. 'डिलीटिंग करप्ट फाइल रेकॉर्ड सेगमेंट' म्हणजे सातबाराच फाटला. अशा वेळी अनाथालयात शोधत बसण्यात अर्थ नाही, थेट रिकव्हरी सॉफ्टवेअरकडे वळा. आणि 'बॅड क्लस्टर्स' (क्लस्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा ठरावीक मापाचा तुकडा, बॅड म्हणजे खराब झालेला) बदलल्याचा उल्लेख फाइलच्या नावासकट आला, तर फाइल मिळेलही, पण तिला मधे भोकं असतील.

काकांच्या लॉगमध्ये 'ऑर्फन्ड'च्या चाळीसेक ओळी होत्या. मी काकांना चहा सांगितला.

डिस्कची तब्येत

शोध सुरू करायच्या आधी एक मिनिट. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर लगेच काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्या. तिच्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, ती जितकी फिरेल तितकी आतून खरवडत जाईल. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकून सोडून द्या.

आवाज नसेल तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या ड्राइव्हवर टाका आणि तीन रकाने बघा: रीअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर्स आणि अनकरेक्टेबल सेक्टर्स. तिन्हींसमोर शून्य असेल तर निर्धास्त पुढे जा. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर दोष लाइटचा कमी आणि डिस्कचा जास्त. मग आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि सगळं काम प्रतिमेवर करायचं. त्यासाठी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं, कुठे काय वाचायचं राहिलं याची नोंदही ठेवतं. 'सिस्टिमरेस्क्यू' नावाच्या फुकट लिनक्समध्ये ते तयार मिळतं, पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतं. एकच गोष्ट तीनदा तपासा: कुठून आणि कुठे. या दोन जागा उलट झाल्या तर रिकाम्या डिस्कची प्रतिमा तुमच्या डेटावर लिहिली जाईल.

अनाथालय: फाउंड नावाचं फोल्डर

चेकडिस्कला मालक न सापडलेल्या फाइली ड्राइव्हच्या मुळाशी एका फोल्डरमध्ये जातात. त्याचं नाव इंग्रजीत 'फाउंड', मग टिंब, मग तीन शून्यं. असं फोल्डर आधीच असेल तर पुढच्याच्या शेवटी ००१. हे फोल्डर नुसतं लपवलेलं नसतं, सिस्टिमचं म्हणून लपवलेलं असतं, त्यामुळे 'हिडन आयटम्स'वर टिक केली तरी दिसत नाही. इथेच माणसं हार मानतात.

फाइल एक्स्प्लोररच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'व्ह्यू' टॅबवर जा. 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि त्याच्या जरा खाली असलेल्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढा. विंडोज धमकीवजा प्रश्न विचारतं, हो म्हणा. काम झालं की टिक परत लावायला विसरू नका. एवढाही व्याप नको असेल तर पत्त्याच्या पट्टीत ड्राइव्हच्या अक्षरापुढे फोल्डरचं नाव थेट टाइप करून एंटर मारा, असेल तर उघडेल.

परवानगी नाही असं म्हणालं तर फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड'. तिथे 'ओनर'समोर 'चेंज' दाबून आपलं युजर नाव द्या आणि आतल्या फोल्डरांनाही तेच लावण्याची टिक करा.

उघडलं? आता आत काहीही उघडून बघायच्या आधी अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पुढचं सगळं त्या कॉपीवर.

आत दोन प्रकार दिसतात. 'डीआयआर'नं सुरू होणारी नावं म्हणजे हरवलेली फोल्डरं. आधी यांच्यातच शिरा, कारण वरच्या फोल्डरचं नाव गेलेलं असलं तरी आतल्या फाइलींची नावं पुष्कळदा जशीच्या तशी असतात. दुसरा प्रकार म्हणजे 'फाइल' आणि पुढे आकडे, शेवटी सीएचके. ही खरी अनाथ मंडळी. नाव नाही, गाव नाही.

काकांच्या डिस्कवर अशी ६०० पेक्षा जास्त होती.

नाव नसलेली फाइल ओळखायची कशी

एनटीएफएस डिस्क असेल तर बदलाची तारीख बहुतेक वेळा शाबूत असते, कारण ती फाइलच्या स्वतःच्या नोंदीत असते. डिटेल्स व्ह्यू लावा, तारखेनुसार रचा, शेवटचं काम केलेल्या दिवसाच्या आसपास बघा. मग आकारानुसार रचा. ३०० पानांची वर्ड फाइल फोटो नसतील तर जीबीत जात नाही, एवढा अंदाज पुरतो.

पेन ड्राइव्ह किंवा कार्ड फॅट३२ या दुसऱ्या, साध्या पद्धतीचं असेल तर ही चैन नाही. तिथे नाव, तारीख आणि नेमका आकार हे तिन्ही फोल्डरच्या यादीतच असतात आणि यादीबरोबर जातात. सापडलेल्या तुकड्याचा आकारही क्लस्टरच्या पटीत वर जातो, म्हणून फाइलच्या शेपटीला थोडा कचरा चिकटलेला असतो. फोटोंना त्याचं काही वाटत नाही, वर्ड मात्र कुरकुरतं.

आता ओळख पटवायची. बहुतेक प्रकारच्या फाइली पहिल्या काही अक्षरांतच आपली जात सांगतात. 'एचएक्सडी' नावाच्या फुकट हेक्स एडिटरमध्ये (फाइलच्या पोटातले कच्चे आकडे आणि अक्षरं दाखवणारा प्रोग्रॅम) फाइल उघडा आणि उजव्या रकान्यातली सुरुवात वाचा. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं असतील तर ती पीडीएफ, यात वादच नाही. सुरुवातीला पी आणि के दिसलं तर ती झिप असते. ही झिप पद्धत आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं आहेत. नव्या वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट फाइली आतून झिपच असतात. थोडं खाली वाचत गेलात की 'वर्ड' किंवा 'एक्सएल' असा शब्द दिसतो, त्यावरून कोण ते कळतं. जुन्या वर्ड-एक्सेलची सुरुवात डावीकडच्या आकड्यांत डी०, सीएफ, ११, ई० अशी असते. ती अक्षरं सलग वाचा, 'डॉकफाइल' ऐकू येईल. प्रोग्रॅमर मंडळींचा विनोद. फोटो एफएफ, डी८ नं सुरू होतो. मोबाइलच्या व्हिडिओत पहिली चार घरं सोडून 'एफटीवायपी' असतं. 'आरआयएफएफ' दिसलं तर वेव्ह ऑडिओ, एव्हीआय किंवा जुनी कोरलड्रॉ असू शकते. कोरल एक्स४ पासूनच्या फाइली मात्र पुन्हा झिपच.

जात कळली की शेवटचं सीएचके काढून त्या जागी योग्य एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लावा आणि उघडून बघा. ६०० फाइलींसाठी हे हातानं कोण करणार? 'ट्रिड' नावाचं छोटं फुकट साधन अख्खं फोल्डर तपासून एक्स्टेन्शन लावून देतं.

इथे मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. काकांची फाइल श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली होती. श्रीलिपी किंवा तशाच आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा, नसतो, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पानभर अगम्य इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं दिसतात. माणूस म्हणतो, करप्ट झाली, आणि डिलीट करतो. माझ्यासमोर एकानं अशी चांगली फाइल कचऱ्यात टाकलेली आहे. आधी फॉन्ट टाका, मजकूर निवडून तो फॉन्ट लावा, मग निकाल द्या.

या गचाळ दिसणाऱ्या मजकुराचा उलट फायदाही होतो. श्रीलिपीत 'म'च्या जागी अंडरस्कोअर, 'ह'च्या जागी छोटा एच आणि कान्याच्या जागी छोटा एम असतो. म्हणजे 'महाराष्ट्र' हा शब्द फाइलच्या पोटात अंडरस्कोअर, एच, एम असा सुरू होतो. जुनी वर्ड फाइल झिप केलेली नसते, त्यामुळे एचएक्सडीत अशी अक्षरं टाकून शोधता येतं. साध्या मजकुरात सापडलं नाही तर युनिकोडचा पर्याय निवडून पुन्हा शोधा. मी काकांच्या दुसऱ्या एका चांगल्या फाइलमधून त्यांचं आडनाव कॉपी केलं, नोटपॅडमध्ये चिकटवलं, आली ती अक्षरं घेतली आणि वर्डच्या जातीच्या ४७ फाइलींत शोधली. अकरा ठिकाणी सापडली. नव्या वर्ड फाइलींत ही युक्ती चालत नाही, तिथे मजकूर दाबून भरलेला असतो.

सापडली पण उघडत नाही

वर्डमध्ये 'ओपन'च्या खिडकीत फाइल एका क्लिकनं निवडा, ओपन बटणाशेजारच्या बाणावर दाबा आणि 'ओपन अँड रिपेअर' घ्या. शेपटीच्या कचऱ्यामुळे अडलेली फाइल यातून पुष्कळदा सुटते. नाहीच सुटली आणि फाइल नव्या पद्धतीची असेल, तर एक्स्टेन्शन झिप करून सेव्हन-झिपनं उघडून पाहा. आतल्या 'वर्ड' फोल्डरमधली 'डॉक्युमेंट' नावाची फाइल बाहेर काढता आली तर मजकूर मिळतो, मांडणी जाते. लिबरऑफिसनं उघडून पाहणंही वाया जात नाही, वर्ड जिथे नकार देतं तिथे ते कधीकधी निमूटपणे उघडतं.

फाइल एचएक्सडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं दाखवत असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. आत काही नाहीच.

अनाथालय रिकामं असेल तर

मग रिकव्हरी सॉफ्टवेअर, आणि नेहमी शोध एका डिस्कवर, जमा दुसऱ्या डिस्कवर. मी 'डीएमडीई'पासून सुरू करतो. ते तक्त्यातल्या जुन्या, खोडलेल्या नोंदी गोळा करून फोल्डरांची रचना पुन्हा उभी करतं, त्यामुळे नावं परत मिळायची शक्यता असते. फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या फाइली काढता येतात, घरगुती कामाला पुरे. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज फाइल रिकव्हरी'ही स्टोअरमध्ये फुकट आहे, पण ते कमांडवर चालतं आणि विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढेच. त्यात 'रेग्युलर' आणि 'एक्स्टेन्सिव्ह' असे दोन प्रकार आहेत. चेकडिस्कच्या खोडाखोडीनंतर दुसराच घ्या.

सगळं हरलं की 'फोटोरेक'. नावावर जाऊ नका, ते फोटोंखेरीज शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं. ते नोंदवह्यांकडे बघतच नाही, डिस्क पहिल्यापासून वाचत जातं आणि वर सांगितलेल्या सुरुवातीच्या अक्षरांवरून फाइली उचलतं. नावं मिळत नाहीत, आणि फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पडलेली असेल तर ती अर्धवट येते. सुरू करताना 'फाइल ऑप्ट'मध्ये सगळ्या टिका काढून तुम्हाला हवे तेवढेच प्रकार ठेवा, नाहीतर हजारो फाइलींच्या ढिगात बसाल. एक टीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा.

आणि हे चालू असताना जरा आठवा: ही फाइल कधी कुणाला पाठवली होती का? मेलच्या 'सेंट'मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, छापखान्याच्या मशीनवर, मुलीच्या लॅपटॉपवर? कोरलड्रॉ आपल्या फाइलशेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची दुसरी प्रत ठेवतं, तीही शोधा. फाइल सी ड्राइव्हवर असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' पाहा. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते.

काकांच्या अकरा फाइलींपैकी चार या एकाच प्रकरणाच्या जुन्या आवृत्त्या निघाल्या, एक कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका होती. उरलेल्या सहा म्हणजे कुलवृत्तांताची सहा प्रकरणं. सातवं, कोकणातून घाटावर आलेल्या शाखेचं, कुठेच मिळेना. फोटोरेकमध्ये मिळालं ते निम्मंच, मधेच तुटलेलं. मी तसं सांगितल्यावर काकांनी पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स काढली. पाच वर्षांपूर्वी नातेवाइकांना वाचायला दिलेली, समासात निळ्या शाईच्या दुरुस्त्यांसकट.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"तू कॉम्प्युटरमधलं विचारलंस ना," काका म्हणाले.

निम्मं प्रकरण आता आमची टायपिस्ट झेरॉक्सवरून बसवते आहे. या वेळी युनिकोडमध्ये.